मागं दहा, पुढं सहा

जळगाव, १८ मार्च १९९५

श्री. भटू यांस,

वर आशीर्वाद लिहावा की नमस्कार, यात दोन कागद वाया गेले. हा तिसरा. म्हणून दोन्ही सोडून थेट कामाचं लिहितो. हे पत्र तुझ्या बहिणीचा नवरा म्हणून लिहीत नाही. गिऱ्हाईक म्हणून लिहितोय, तेव्हा वाचायला हरकत नसावी.

तू दुकान सोडून धुळ्याला गेलास त्याला तीन वर्षं होऊन गेली. दुकानाचं काही अडलं नाही, हे आधी सांगून टाकतो. दुसरा लेथ आला. दोन टर्नर आहेत, त्यातला सुपडू आपल्या वेळचाच. अजिंठा चौफुलीवर कोणालाही विचार, अभिमनशेठचं दुकान म्हटलं की बोट दाखवतात. धरणगावच्या बाजूला बैलगाड्यांची चाकं भरणाऱ्या सुताराचा मुलगा मी. आता मारुतीवाले माझ्या दारात नंबर लावतात. उगाच सांगत नाही, पाहणारे सांगतात.

काम असं आहे. देवचंद नावाचा केळीचा व्यापारी आहे, वय तिशीचं, हौस विशीची. त्यानं झेन गाडी घेतली आणि मुंबईहून खास स्प्रिंगा आणून ती खाली बसवली. इतकी खाली, की चौफुलीवरचे रिक्षावाले तिला बसकी म्हैस म्हणतात. वर रुंद टायर आणि चकचकीत ॲलॉयच्या रिमा. पण रिमा पडल्या आत. मडगार्ड पुढं आणि चाक मागं, जसे दात नसलेल्या म्हाताऱ्याचे ओठ. त्याला चाक मडगार्डच्या बरोबरीनं पाहिजे, न आत न बाहेर. म्हणजे हब आणि चाकाच्या मधे चकती घालून चाक बाहेर सरकवायचं. तो स्पेसर म्हणतो, आपण चकतीच म्हणतो.

आमच्याकडे तीनदा चकत्या कातल्या. तिन्ही वेळा मी स्वतः गाडी बांभोरीच्या पुलापलीकडे नेली. पासष्टच्या पुढं गाडी गुणगुणते. देवचंदाला ऐकू येत नाही, सुपडूला येत नाही. मला येतं. माझे कान तुला माहीत आहेत. रस्त्यावरून एस.टी. गेली तर दुकानात बसून कोणत्या चाकाचं बेअरिंग गेलंय ते मी सांगतो. ही गाडी मी अशी देणार नाही. देवचंदाला सांगितलं, भरल्या गाडीनं दोनशे किलोमीटर चालवून माझ्या कानाची खात्री पटली, की मगच किल्ली मिळेल. तो कबूल झाला.

चकतीला आतून भोक आणि बाहेरून उंचवटा, दोन्हीचा मध्य एकच पाहिजे. असं काम एका पकडीत करणारा हात दोन्ही जिल्ह्यांत एकच आहे, तो कोणाचा हे लिहायची गरज नाही. करणार असशील तर कळव. नसशील तर तेही कळव.

घरी सगळं ठीक.

अभिमन


३१ मार्च १९९५

भटू,

कार्ड मिळालं. तीन ओळी: हबचं माप, स्टडची लांबी, रिमच्या मधल्या भोकाचं माप पाठवा. खाली नुसता ‘भ’. ना दाजी, ना नमस्कार. पण हो म्हणालास ना, बस. तुझ्या बहिणीनं ते कार्ड माझ्या आधी वाचलं. पोस्टमननं तिच्या आधी वाचलं असणार. तिनं ते देवाच्या फोटोमागं ठेवलंय. मापांचं कार्ड देव्हाऱ्यात ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मापं वेगळ्या कागदावर आहेत. सगळी मी स्वतः घेतली. पण जाडी किती ठेवायची हे कसं ठरवलं ते सांगतो, कारण ते ऐकून तू मान हलवशील.

देवचंद म्हणाला, चारही चाकांना पंधरा मिलीमीटरची घाला. मी म्हटलं, शेठ, तुम्ही केळी विकता, घड बघूनच भाव करता ना? मग गाडी बघूनच जाडी ठरवू. मडगार्डच्या कडेपासून ओळंबा सोडला. मागचं चाक ओळंब्यापासून चौदा मिलीमीटर आत, पुढचं अकरा. सुताराच्या घरचा ओळंबा, माझ्या बापाचा, आबांचाच. पितळी. आता हे सरळ गणित वाटतं. पण रिकाम्या गाडीचं गणित भरल्या गाडीला लागत नाही. गाडी आधीच खाली बसलेली, त्यात माणसं भरली की मडगार्ड टायरवर टेकायला येतं.

मग मी काय केलं, तर तुझ्या बहिणीकडून कळण्याच्या भाकरीचं पीठ मळून घेतलं. त्याचे गोळे मडगार्डच्या आतल्या कडेला चिकटवले. नुसत्या चाचणीपुरते भंगारातले लांब स्टड लावून पंधराच्या कच्च्या चकत्या घातल्या आणि गल्लीतल्या बायकांना गाडीत बसवलं. पुढं ताईबाई, मागं झुंबरबाई, पुष्पाबाई आणि तुझी बहीण सुमन. झुंबरबाई एकटीच दोघींची. ती म्हणाली, शेठ, वजनाला बोलावलं ते ठीक, पण चहा मापानं देऊ नका. गाडी आवारातच विटेवरून हळू चढवली-उतरवली. बायका हसून बेजार. उतरल्यावर पाहतो, तर मागच्या गोळ्याची पोळी झालेली आणि टायरला पीठ लागलेलं. म्हणजे पंधरा बाद. दहा घालून पाहिलं, गोळा चेपला पण बोटभर जाड राहिला. मागं दहा.

पुढचं उलटं. पुढं चकतीच नसली तर रुंद टायर आतून शॉकअपच्या नळीला लागायला येतं. तुझंच कार्ड सरकवून पाहिलं, जेमतेम गेलं. म्हणून पुढं काहीतरी हवंच. पण जास्त बाहेर काढलं तर स्टिअरिंग वळवताना कड घासते. पुढं सहा.

देवचंद कुरकुरला, मागं चार मिलीमीटर चाक आतच राहील. मी म्हटलं, ती चार मिलीमीटर तुमची अब्रू आहे. सासुरवाडीची माणसं मागं बसली आणि गाडी घासत चालली, तर कोणाची जाईल? म्हणाला, दहाच घाला.

मूळच्या स्टडवर नटाचे वेढे मोजले. चकतीशिवाय अकरा, दहाची घातली की तीन. तीन वेढ्यांवर मी गाडी सोडत नाही, आता तर नाहीच. लांब स्टड नाशिकहून मागवलेत.

बाकी क्षेम. द्रौपदाबाईंना, म्हणजे सासूबाईंना, दंडवत सांग. माझं नाव घेऊन सांगितलं नाहीस तरी चालेल.

अभिमन


१० एप्रिल १९९५

भटू,

तुझं दुसरं कार्ड आलं. एकच ओळ. ‘मधलं भोक किती ढिलं ठेवायचं ते लेखी कळवा.’

वा. तीन वर्षं माणूस एक शब्द बोलत नाही, आणि बोलतो तेव्हा बरोबर खिळ्यावर हातोडी मारतो. मी शिकवलेला आहेस, दुसरं काय.

आता तू स्वतःच एवढा मोठा टर्नर झालास, तुला मी काय सांगावं? तुझ्या अंदाजानं ठेव. तुझ्या हाताला

(हे एवढं काल लिहिलं आणि पाकिटात घातलं. आज बाहेर काढलं. खाली लिहितो ते आजचं, ११ तारखेचं.)

काल पाकीट चिकटवत होतो, तेव्हा मागच्या दारी झुंबरबाई तुझ्या बहिणीला विचारत होती, आखाजीच्या सणाला यंदा तरी माहेरी जाणार का? सगळ्यांचे मुराळी यायला लागले, सगळ्यांच्या लेकी झोक्यावर बसायला निघाल्या. तुझा भाऊ घ्यायला येत नाही तर तूच जा ना उठून, नव्वद किलोमीटर तर धुळं. सुमन म्हणाली, मुराळी आल्याशिवाय कशी जाऊ. आणि तो कोणत्या तोंडानं येईल, त्याच्या हातची चूक होती, एका माणसाचा हात मोडला. यांनी पोलिसात नाव दिलं नाही हेच उपकार.

मी चांगल्या कानाचा माणूस. दोन भिंतींपलीकडून ऐकलं. ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं.

भटू, ती तीन वर्षं असं समजून बसली आहे. तुझी चूक, माझे उपकार. या तीन वर्षांत ती माझ्याशी एकदाही भांडली नाही. मी समजत होतो, वय झालं, समजूतदार झाली. मला काय माहीत ती खालमानेनं राहत होती. माहीत होतं, असंही म्हणता येईल. तू लेखी मागितलंस, म्हणून लेखी लिहितो.

ब्याण्णवच्या जानेवारीत पाचोऱ्याच्या कंत्राटदाराची फियाट आली होती. रुंद चाकं, चकत्या पाहिजेत म्हणाला. तू मला विचारलंस, भोक हबवर घट्ट ठेवू का. मी म्हटलं, नको, अर्धा सूत ढिलं ठेव. तू म्हणालास, दाजी, चाक मधोमध बसणार नाही, हलेल. मी काय म्हणालो ते मला शब्द न् शब्द आठवतं. म्हटलं, आमच्या आबांनी चारशे गाड्यांची चाकं भरली, आखावर वाव ठेवल्याशिवाय चाक फिरत नाही, तू मला चाक शिकवू नको. आणि खडूनं भिंतीवर लिहिलं, लेथच्या मागं, तिथंच आपण सगळी मापं लिहायचो: ‘चकती ४ नग, भोक अर्धा सूत ढिलं.’ माझ्या हाताचं, माझ्या वळणाचं.

बैलगाडीचं चाक आखावर फिरतं, त्याला वंगणाला जागा लागते. मोटारीचं चाक हबला धरून फिरतं, हबबरोबर. त्याला वाव म्हणजे मरण. एवढी साधी गोष्ट. माझ्या डोक्यात बापाचा धंदा इतका पक्का बसला होता, की डोळ्यांसमोरची दिसली नाही. एरंडोलच्या पुढं स्टड तुटले, चाक ज्वारीत गेलं, ड्रायव्हरचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी कंत्राटदार चार माणसं घेऊन दुकानात आला. त्यानं विचारलं, हे कोणाचं काम. मी तुझ्याकडे बोट केलं. सगळ्यांसमोर म्हटलं, हात बसलेला नाही पोराचा, भोक ढिलं कातलं.

तू एकदा भिंतीकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. व्हर्नियर पुसून पेटीत ठेवलास आणि निघून गेलास. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत येशील.

भिंतीवरचं लिखाण त्याच दुपारी मी ओल्या फडक्यानं पुसलं. हे तुला माहीत नव्हतं, सुपडूलाही नाही. कंत्राटदार पुन्हा येईल या भीतीनं पुसलं, असं मी स्वतःला सांगत आलो. तो पुन्हा आला नाही. त्यातली एक तुटकी चकती माझ्या कपाटात आहे. मोजून पाहिली. बरोबर अर्धा सूत, दीडेक मिलीमीटर. मी सांगितलं होतं तेवढंच, केसाचाही फरक नाही. चुकीचं माप इतकं अचूक कातणारा माणूस मी हाकलून दिला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, लेखी: मधलं भोक ढिलं नको. हबवर दाबून बसलं पाहिजे. ब्याण्णव सालीही घट्टच पाहिजे होतं. ढिलं मी सांगितलं होतं.

अभिमन दामू सुतार

(हे पत्र टाकण्याआधी तुझ्या बहिणीला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि उठून स्वयंपाकघरात गेली. दुपारी ताट वाढलं. भाजीत मीठ नव्हतं. मी मागितलं नाही.)


२० एप्रिल १९९५

चि. भटूस,

नऊ दिवस झाले, कार्ड नाही. घाई नाही. कामाला नाही म्हणालास तरी मी समजेन.

देवचंद रोज येतो. चारी चाकं काढलेली गाडी ठोकळ्यांवर पाहून त्याचं तोंड उतरतं. काल म्हणाला, शेठ, नाशिकला एकजण वॉशर भरून एका तासात करून देतो. मी त्याला कपाटातली तुटकी चकती काढून दाखवली. म्हटलं, ही कोणी बिघडवली ठाऊक आहे? मी. वॉशर भरून हीच गोष्ट होते. पुढचं सगळं सांगितलं. सुपडू हातातलं काम सोडून ऐकत उभा राहिला. मला वाटलं, आता हा गाडी उचलून घेऊन जाणार. पण देवचंद चकती उलटीसुलटी पाहत राहिला आणि म्हणाला, मग तो धुळ्याचा माणूसच पाहिजे, थांबतो मी. अरे, बाजारात खोटं बोलून जेवढी गिऱ्हाइकं मिळवली, तेवढी या एका खऱ्यानं टिकली असती की काय.

घरी भाजीत मीठ परत आलं आहे. पण परवा सुमन माझ्याशी भांडली. साध्या कारणावरून, पाण्याची टाकी भरली नाही म्हणून. चांगली अर्धा तास. ऐकायला इतकं बरं वाटलं की मी मधे बोललो नाही.

अभिमन


३० एप्रिल १९९५

प्रिय भटू,

आज रविवार, उद्या महाराष्ट्र दिनाची सुट्टी, पोस्ट बंद. म्हणून हे पत्र दुपारच्या धुळे गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतोय. तो पारोळा रोडला तुझ्या दुकानावर टाकेल.

परवा तू आलास तेव्हा जे बोलायचं राहिलं ते लिहितो. मी आत सुपडूला काही सांगत होतो. रस्त्यावर एस.टी. थांबली, आणि चपलांचा आवाज आला. डावा पाय जरा घासत टाकायची तुझी सवय. पाठ फिरवलेली असूनही मी ओळखलं, पण वळलो नाही. वळलो असतो तर काहीतरी बोललो असतो, आणि मी बोललो की बिघडतं.

तू उंबऱ्याच्या आत आला नाहीस. कापडी पिशवीतून चार चकत्या काढून माझ्या हातात दिल्यास. मी त्या उन्हात धरल्या. भटू, मी चाळीस वर्षं लोखंड पाहतोय, लाकूड पाहिलं ते वेगळं. हबवर दहाची टेकवली आणि नुसत्या तळहातानं दाबली. ती गेली. ढिली नाही, अडकली नाही, आतली हवा हळूच बाहेर पडली, एवढाच आवाज. तसा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. सुपडूनं डायल लावून चकती डगमगते का पाहिलं, काटा जागचा हलला नाही. तो म्हणाला, शेठ, काटा बिघडला वाटतं. दुसरा लावला, तोही हलला नाही. मला हसू आवरेना. दोन जिल्ह्यांत एकच हात असं मी लिहिलं होतं. चुकलं. नाशिकही धर.

चाकं चढवली. नट हातानं फिरवले, वेढे मोजले, दहाच्या वर. मग तू रस्त्यावर उकिडवा बसून चाकाच्या पातळीला डोळा लावलास. मागचं चाक मडगार्डच्या आत चार मिलीमीटर. देवचंद हात बांधून उभा होता. तो म्हणाला, आता चाकं गाडीची वाटतात. तेवढंच. एवढ्यासाठी दीड महिना.

तोवर सुमन घरातून आली होती. तुम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलंत. मी कान लावून होतो. तू मागचं दार उघडलंस आणि म्हणालास, “अक्का, बठ. मांगे वजन जोयजे.”

ती म्हणाली, “मी एकली काय वजन?”

“तुन्ही पिशवी बी घे.”

मला वाटलं, चेष्टा करतोस. पण ती आत गेली आणि भरलेली पिशवी घेऊन आली. लुगडी, सासूबाईंसाठी बांगड्या, वरती पापडांचा डबा. म्हणजे पिशवी भरलेलीच होती. केव्हापासून, ते मला ठाऊक नाही. घरात दोन भिंतींपलीकडचं ऐकणारा मी, आणि पिशवी भरल्याचा आवाज मला आला नाही.

पुढं देवचंद बसला, म्हणाला, खात्री मीही करतो. तू चाकावर बसलास, किल्ली फिरवलीस. मी चौफुलीपर्यंत गाडीच्या मागं पळत गेलो. लोक बघत होते, अभिमनशेठ गाडीमागं का पळतोय. तू वळण घेतलंस, वेग धरलास. मी उभा राहून ऐकलं. ट्रक ऐकू आले, रिक्षा ऐकू आल्या, रसवंतीचे घुंगरू ऐकू आले. झेनचं काहीच ऐकू आलं नाही. तीन वर्षांत इतकं चांगलं काही कानावर पडलं नव्हतं.

बांभोरीच्या पुलावरून परत याल म्हणून मी दोन तास चहा घेतला नाही. चार वाजता देवचंदाचा फोन आला, पारोळ्याहून. म्हणाला, शेठ, गाडी काही गुणगुणत नाही, पण तुमचा मेहुणा परत फिरवतही नाही. मी विचारलं तर म्हणतो, दोनशे किलोमीटर कबूल केलेत ना, जाऊन येऊन जवळजवळ तेवढेच होतात, आणि मी मुराळी आहे. मी म्हटलं, शेठ, बरोबर बोलतो तो. धुळ्यात चांगलं जेवायला मिळेल तुम्हाला. काल सकाळी तो एस.टी.नं परत आला, गाडी तिथंच सोडून. म्हणतो, आखाजी झाल्यावर तुझी अक्का बसून येईल तेव्हाच खरी भरल्या गाडीची परीक्षा. सासूबाईंनी त्याला सांजोऱ्या बांधून दिल्या, तो तुमच्या घरचाच झालाय.

उद्या संध्याकाळच्या गाडीनं मी येतो. जावई न बोलावता आखाजीला येत नाही हे मला कळतं. मी जावई म्हणून येत नाही, गाडी न्यायला येतो, असं सासूबाईंना सांग. त्या काय समजायचं ते समजतील.

परत ये, असं म्हणायचं मनात होतं, निम्मं दुकान तुझं, असंही. देवचंदानं तुझ्या दुकानाचं वर्णन केलं. स्वतःचा लेथ, स्वतःची पाटी, दाराशी शिरपूर-दोंडाईचाच्या गाड्या. मग मी तो विचार सोडला. स्वतःच्या पायावर उभा राहिलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दुकानात बोलावू नये, हे मला तरी कळलं पाहिजे. यापुढं चकतीचं गिऱ्हाईक आलं की मी धुळ्याला पाठवीन. पाठवताना कोणाकडे पाठवतोय हे जरा मोठ्यानंच सांगीन.

एक राहिलं. लेथच्या मागची ती भिंत काल पेंटर बोलावून घासून घेतली आणि त्याच जागी लिहून घेतलं. खडूनं नाही, तेलाच्या रंगानं, काळ्या ठळक अक्षरांत. ओल्या फडक्यानं पुसत नाही, मी पुसून पाहिलं. ‘चकतीचं भोक नेहमी घट्ट. १९९२ साली ढिलं मालकानं सांगितलं होतं, टर्नर भटूनं नाही.’ आल्या-गेल्याला पहिल्यांदा तेच दिसतं. सुपडू म्हणाला, शेठ, दुकानात असं लिहितात का? गिऱ्हाईक घाबरेल. म्हटलं, घाबरू दे, वाचून झाल्यावर जो थांबेल तो आपला.

पेंटरनं विचारलं, खाली कोणाचं नाव टाकू. म्हटलं, चूक ज्याची त्याचं टाक. अक्षर मोठं काढ.

तुझा दाजी,
अभिमन